शब्दविचार : ‘कॅन’, ‘मे’ आणि तीस दिवस

गेल्या श्रावणात अंबड तालुक्यातील आमचा एक जुना विद्यार्थी वकिलांचे इंग्रजी पत्र हाती घेऊन आमच्या ओसरीवर आला. बांधाच्या दाव्यात त्याच्या विरुद्ध हुकूमनामा झाला होता आणि पत्रात वाक्य होते, ‘यू मे अपील विदिन थर्टी डेज.’ निकालास चाळीस दिवस लोटले होते. “अरे, मग इतके दिवस स्वस्थ का बसलास?” असे आम्ही विचारता तो म्हणाला, “गुरुजी, ‘मे’ असेल तेथे सक्ती नसते, हे तुम्हीच शिकवले. खुरपणी चालली होती. म्हटले, उरकली की पाहू.”

आम्ही निरुत्तर झालो. नियम आम्हीच शिकवला होता, पण अर्धा. सक्ती नव्हती ती अपील करण्याची. तीस दिवसांची मर्यादा मात्र सक्तीचीच होती. मुभा क्रियेला होती, मुदतीला नव्हती. वाचकांच्या घरीही इंग्रजी शिकणारी मुले आणि इंग्रजी कागद वाचणारी वडीलधारी मंडळी असतात, म्हणून राहिलेला अर्धा धडा येथे पुरा करतो.

‘कॅन’ सामर्थ्य सांगतो. ‘मे’ मुभा सांगतो किंवा संभव. ‘इट मे रेन’ यात संभव आहे, ‘यू मे सिट’ यात मुभा. ‘कॅन आय गो आउट?’ असे मुलाने विचारले की जुन्या वळणाचे मास्तर म्हणत, “का, पायांना काय झाले?” आज इंग्रजांच्या बोलण्यात मुभेसाठीही ‘कॅन’ सर्रास चालते व त्यास अशुद्ध म्हणण्यात अर्थ नाही. तथापि करारात आणि कायद्यात हा भेद अद्याप जिवंत आहे.

वस्तुतः मराठी माणसास असा भेद अवघड वाटू नये. ‘मला पोहता येते’ म्हणजे विद्या अवगत आहे. ‘आता मला पोहवत नाही’ म्हणजे विद्या आहे, पण अंगात बळ उरले नाही. ‘या विहिरीत पोहण्यास हरकत नाही’ म्हणजे धन्याची मुभा आहे. पहिल्या दोहोंस इंग्रजीत एकटा ‘कॅन’ पुरतो. एवढी संपत्ती घरी असता आपण सगळीकडे ‘शकणे’ वापरू लागलो आहो. आमच्या मराठवाड्यावर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता व राजभाषा उर्दू होती. उर्दूतील ‘सकना’ सामर्थ्यालाही चालतो आणि अनुज्ञेलाही. काही सवय तिकडून आली असेल, काही इंग्रजीतून. पण पाहुण्यास ‘आपण बसू शकता’ म्हणणे म्हणजे त्याच्या गुडघ्यांची परीक्षा घेणे होय. ‘बसावे’ या एका शब्दात आदरही आहे आणि अनुज्ञाही.

आपल्या पूर्वजांनी तर याहून बारीक विचार केला होता. पाणिनीने लिङ् लकाराचे अर्थ सांगताना निमंत्रण व आमंत्रण ही दोन निराळी मोजली आहेत. सिद्धांतकौमुदीत त्यांचा उलगडा आहे. श्राद्धाच्या भोजनास दौहित्राला बोलावणे हे निमंत्रण. ते टाळता येत नाही. ज्यात येणे न येणे इच्छेवर सोडलेले असते, ते आमंत्रण. कायद्याच्या भाषेत ‘शॅल’ हे निमंत्रण आणि ‘मे’ हे आमंत्रण असे मुलांस सांगावे. ती सहसा विसरत नाहीत.

राज्यघटनेचेच उदाहरण घ्या. भारत हा राज्यांचा संघ असेल, असे पहिले कलम सांगते. तेथे ‘शॅल’ आहे. संसदेस कायद्याने नवी राज्ये करता येतील, असे तिसरे कलम म्हणते. तेथे ‘मे’ आहे. म्हणजे अधिकार आहे, बंधन नाही. महाराष्ट्र १ मे १९६० रोजी अस्तित्वात आला तो संसदेने या मुभेचा उपयोग केला म्हणून. मराठी कायद्यांत या ‘मे’साठी ‘करता येईल’ अशी योजना आढळते, ती आम्हांस यथार्थ वाटते.

म्हणून कागदात ‘मे’ दिसताच तीन प्रश्न विचारावे : मुभा कोणास आहे, कशाची आहे आणि कोठवर आहे? आम्ही पहिले दोन शिकवले, तिसरा राहिला.

आता त्या विद्यार्थ्याविषयी. मुदतीच्या १९६३ च्या कायद्याचे पाचवे कलम असे आहे की विलंबास पुरेसे कारण दाखविल्यास न्यायालयास मुदतीनंतरही अपील दाखल करून घेता येते. तेथेही शब्द ‘मे’ हाच. मात्र ती मुभा न्यायाधीशांची, पक्षकाराची नव्हे. जालन्याच्या जिल्हा न्यायालयात त्याने विलंब माफीचा अर्ज दिला आहे. निर्णय व्हावयाचा आहे. कारण म्हणून आमच्या अर्ध्या धड्याचा उल्लेख करण्यास आम्ही त्यास मुभा दिली होती. त्याने तो केला नाही.