उकाड्यातला बर्फ

अंगाला शर्ट चिकटलेला असताना विमानाचे इंजिन बर्फाने गुदमरते, असे कोणी सांगितले तर आपण हसू. मीही हसलो होतो. उड्डाण शिकत असताना, पावसाळ्यातल्या एका दमट दुपारी, ‘सेस्ना १५२’ उतरवण्यासाठी मी थ्रॉटल मागे घेतले आणि ‘कार्बोरेटर हीट’ची मूठ ओढायला विसरलो. शेजारच्या प्रशिक्षकांनी ती ओढली. इंजिन खोकले, थरथरले. घाबरून मी मूठ परत ढकलू लागलो, तर हातावर फटका बसला! काही सेकंदांतच फेरे वाढले. “बर्फ वितळला, पाणी इंजिनाने गिळले,” एवढेच ते म्हणाले.

माठातले पाणी पाझरून वाफ होते, म्हणून माठ गार राहतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना हेच घडते. शिवाय त्याच्या अरुंद गळ्यात हवेचा दाबही घटतो. दोन्ही मिळून तापमान २०-३० अंशांनी उतरू शकते. बाहेर उकाडा असला तरी हवेतले बाष्प आत गोठते आणि थ्रॉटलच्या अर्धवट मिटलेल्या झडपेवर साचते. कडाक्याच्या कोरड्या थंडीत धोका उलट कमी, कारण गोठायला बाष्पच नसते.

तरीही ‘हे थंड देशांचे दुखणे’ अशी समजूत शिकणाऱ्यांत असते आणि ही मूठ यादीतले एक कलम म्हणून घोकली जाते. माझा आक्षेप या घोकंपट्टीला आहे. मूठ ओढली की येणारी गरम हवा एक्झॉस्टच्या नळीभोवतालच्या आवरणातून येते. इंजिन बंद पडले की नळी निवते आणि नेमके हवे तेव्हा औषध संपते! हे कारण ज्याला कळले, तो शक्ती कमी करण्याआधीच मूठ ओढतो, तीही पूर्ण. गरम हवा विरळ असते, त्यामुळे शे-दीडशे फेरे घटणारच, हेही त्याला ठाऊक असते. इंजिन खोकले म्हणून तो माझ्यासारखा हात मागे नेत नाही. पुन्हा पूर्ण शक्ती लागली, तर मात्र मूठ आत.

नव्या इंजेक्शनच्या इंजिनांत कार्बोरेटर नसतो, हे खरे. पण जुनी शिकाऊ विमाने अजून उडतात. अशा विमानाला अपघात झाला, तर तपासणी करणारे पोचेपर्यंत बर्फ वितळून गेलेला असतो आणि इंजिन शाबूत असेल तर सुरळीत चालूनही दाखवते. मग त्या दिवशीच्या हवामानाच्या नोंदी काढून तर्क करत बसावे लागते.