विश्लेषण : शाळेची सहल सर्फिंग शिबिराला? पैसे भरण्याआधी हे विचारा

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहलीची सूचना येते. रायगड, वॉटर पार्क, कारखान्याला भेट या नेहमीच्या यादीत आता समुद्रकिनाऱ्यावरच्या सर्फिंग शिबिराची भर पडू लागली आहे. तंबूत किंवा खोलीत दोन रात्री मुक्काम, सकाळी लाटांवर फळी आणि संध्याकाळी शेकोटी. मुले लगेच तयार होतात. आई-बाबांच्या पोटात मात्र गोळा येतो.

ही भीती अनाठायी आहे का?

नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातील मुरुडेश्वरला कोलार जिल्ह्यातून आलेल्या शालेय सहलीतील चार विद्यार्थिनी गेल्या. या दोन्ही सहलींत सर्फिंग नव्हते. मुले नुसती पाण्यात उतरली होती. म्हणून ‘समुद्रच नको’ हा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण आम्हाला तो पटत नाही. ७२० किलोमीटर किनारा असलेल्या राज्यातल्या मुलांना समुद्र वाचताच येत नसेल, तर पुढे मित्रांबरोबर गेल्यावर ती तशीच पाण्यात उतरणार. चांगल्या सर्फिंग शिबिरात पहिला तास फळीवर नव्हे, वाळूवर जातो. लाट कुठे फुटते, पाणी कुठून परत जाते, हे तिथे दाखवले जाते. शाळेने पैसे मोजायचे ते या तासासाठी.

जायचे कुठे आणि कधी?

देशातील पहिला सर्फ क्लब २००४ मध्ये मंगळुरूजवळच्या मुलकीत सुरू झाला. कोकण रेल्वेवर मुलकी हे स्थानक आहे, त्यामुळे मुंबई-कोकणातील शाळेला गाडी न बदलता जाता येते. गोव्यात मांद्रे-अश्वे पट्ट्यात शिकवणारे आहेत. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. त्यातही डिसेंबर-जानेवारीत लाटा लहान असतात, म्हणजे नवशिक्यांना सोयीच्या. नेमका हाच आपल्या सहलींचा काळ. जून ते सप्टेंबर या काळात ‘खास सवलत’ देणारा फोन आला, तर तो ठेवून द्यावा.

लहान लाटा म्हणजे सुरक्षित समुद्र?

इथेच गफलत होते. बुडवणारी गोष्ट बहुतेक वेळा लाट नसते, परत जाणारे पाणी असते. किनाऱ्यावर आलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात समुद्राकडे वळते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून तीच जागा शांत दिसते आणि मुले तिथेच उतरतात. ओढले गेल्यावर माणूस किनाऱ्याकडे तोंड करून हात मारतो, दमतो आणि बुडतो. तरंगत राहणे, हात वर करणे आणि किनाऱ्याला समांतर सरकत त्या पट्ट्याबाहेर पडणे, हे उतरण्याआधी प्रत्येक मुलाकडून म्हणून घ्यायला हवे. शिक्षकांकडूनही! नदीमुखाशी सुकतीच्या वेळी ओढ आणखी वाढते. मुलकीजवळच्या ससिहित्लूला शांभवी आणि नंदिनी नद्या समुद्राला मिळतात. तिथे कुठे उतरायचे, हे स्थानिक प्रशिक्षकच सांगू शकतो.

आपल्याकडचे जुने गणित इथे उपयोगी आहे. मुंबई-कोकणात तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. सहलीची तारीख ठरवताना शाळा परीक्षा बघते, बसचे भाडे बघते. कालनिर्णयात तिथीही बघावी. दक्षिणेकडे वेळा थोड्या बदलतात, तेव्हा निघण्याआधी ‘इन्कॉइस’ या हैदराबादच्या केंद्र सरकारी संस्थेचा लाटांचा इशाराही पाहावा.

पत्रकातले गणित कसे तपासायचे?

समजा नववीची ४० मुले आहेत. कमरेएवढ्या पाण्यात एका प्रशिक्षकाकडे पाचपेक्षा जास्त नवशिकी मुले नकोत, असे आमचे मत. चार प्रशिक्षक असतील तर एका वेळी २० मुले. दीड तासाच्या दोन तुकड्या सकाळी सात ते सव्वादहात बसतात. प्रशिक्षक दोनच असतील तर चार तुकड्या, म्हणजे सहा तास, आणि शेवटची तुकडी भर उन्हात. ‘दोन दिवस, एक रात्र’ अशा सहलीत पहिला दिवस पोहोचण्यात आणि दुसरा निघण्यात जातो. मग वेळ वाचवायला तुकड्या मोठ्या होतात. म्हणून प्रश्न ‘किती फळ्या आहेत’ हा नाही. एका वेळी पाण्यात किती मुले आणि त्यांच्यामागे किती प्रशिक्षक, हा आहे. उत्तर लेखी घ्या. फळ्या मऊ फोमच्या आहेत का, पायाला बांधायची दोरी प्रत्येकीला आहे का, पोहता न येणाऱ्यांसाठी लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचे आहे का, हेही त्याच पत्रात यावे. आणि फॉर्मवर ‘पोहता येते’ असे लिहिणाऱ्या मुलावर विश्वास ठेवू नका. तलावात त्याला शिक्षकांसमोर पोहायला लावा.

सर्वात धोक्याची वेळ कोणती?

वर्गाची नव्हे. वर्ग संपल्यानंतर जेवणापर्यंतचा मोकळा तास. प्रशिक्षक फळ्या धुतोय, सर चहा घेताहेत, मॅडम खोल्यांच्या चाव्या शोधताहेत आणि चार मुले ‘फक्त पाय भिजवायला’ गेलेली. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही, ते गप्प होते. यासाठी एका शिक्षकाला दुसरे कुठलेही काम न देता, हातात यादी आणि गळ्यात शिट्टी देऊन, पाण्याकडे तोंड करून बसवावे लागते. मोबाइलवर फोटो काढणारा शिक्षक या कामाचा नाही. मुलांच्या जोड्या लावाव्यात, दर अर्ध्या तासाने हजेरी घ्यावी. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर ‘दृष्टी’चे जीवरक्षक आहेत, लाल-पिवळ्या झेंड्यांमधला भाग त्यांच्या नजरेखाली असतो, नुसता लाल झेंडा असेल तिथे उतरायचे नाही. पण जीवरक्षक रात्री नसतात. मुक्कामाच्या जागेतून वाळूवर जाणारे दार रात्री बंद असते का आणि किल्ली कुणाकडे, हे पालकांनी सभेत विचारायला लाजू नये.

समुद्र खवळला तर पैसे परत मिळतात?

अनेक सहलींत इथेच चूक होते. पैसे बुडतील म्हणून ‘थोडा वेळ तरी उतरवू’ असा आग्रह शाळेकडूनच होतो. करारात दोन ओळी आधीच घालून घ्याव्यात : पाण्यात उतरायचे की नाही हा अंतिम निर्णय मुख्य प्रशिक्षकाचा, आणि त्याने नाही म्हटले तर त्या दिवसाचे शुल्क परत किंवा तारीख बदलून. हे लिहून द्यायला शिबिरचालक कां-कूं करत असेल, तर दुसरे शिबिर शोधावे.