माउसवरचा हात

वांद्रे रेक्लमेशनला के. सी. मार्गावर ‘अडॅप्ट’ ही संस्था आहे. जुनी माणसं तिला अजून स्पॅस्टिक्स सोसायटीच म्हणतात. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत ती सुरू केली. त्यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी, आणि अशा मुलांना इथल्या शाळांत जागा नव्हती. या मालिनी चिब पुढे सेंट झेवियर्समध्ये शिकल्या, लंडनला शिकल्या आणि एका बोटाने टाइप करत त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. नाव ‘वन लिटल फिंगर’. संगणक शिकवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी एका बोटाने अर्जाचं एक पान टाइप करून पाहावं. आपण काय काय गृहीत धरून शिकवतो, ते दहा मिनिटांत कळतं.

मला ते उशिरा कळलं. वांद्र्यातल्याच एका चौदा वर्षांच्या मुलाला गेले काही महिने मी शनिवारी एकट्याला शिकवतो आहे. त्याचा एकच हात नीट चालतो, तोही थरथरतो. सुरुवात मी आपल्या नेहमीच्या पाठाने केली: फोल्डर बनव, नाव बदल, परिच्छेद ठळक कर. तो सगळं करायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. एकदा त्याच्या आईने सहज विचारलं, मोत माउलीच्या जत्रेत आमचा मेणबत्त्यांचा ठेला असतो, त्याचा भावफलक हा करील का? खरा अभ्यासक्रम तिथून सुरू झाला.

माउंट मेरी चर्चमध्ये नवसाला वाहतात त्या मेणाच्या वस्तूंची यादी त्याला पाठच होती. इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्याने ‘हात’ लिहिला, ‘पाय’ लिहिला आणि ‘घर’ला अडला. ‘घ’ला शिफ्ट लागतो. पुढे ‘बाळ’ होतं, ‘ळ’लाही शिफ्ट. एका हाताने दोन लांबच्या कळा एकदम दाबायच्या कशा? विंडोजमध्ये स्टिकी कीजची सोय आहे: शिफ्ट दाबून सोडायचा, मग अक्षर दाबायचं. शिफ्ट पाचदा दाबल्यावर जी चौकट उगवते, ती हीच. क्लासमध्ये इतकी वर्षं मी ती वैतागून बंद करत आलो होतो. तुम्हीही करत असाल. थरथरत्या बोटाने एकाच ‘क’चे पाच ‘क’ होऊ नयेत म्हणून फिल्टर कीज आहे. यातलं काही मी योजून शिकवलं नाही. घर आणि बाळ विकायला ठेवायचं होतं, म्हणून शिकवावं लागलं.

लोगो भाषेच्या जनकांपैकी एक असलेले सेमूर पॅपर्ट १९८०च्या ‘माइंडस्टॉर्म्स’मध्ये हेच सांगत होते: मुलाने संगणकाला कामाला लावावं, संगणकाने मुलाला नव्हे. आपण मान डोलावतो आणि प्रश्नसंच वाटतो. मी स्वतःला यातून वगळत नाही.

सगळ्यात मोठी चूक तर मी फलकाच्या वेळीच केली. भावांचा रकाना वाकडा झाला होता. मी माउस हातात घेतला, चार टिचक्यांत सरळ केला आणि म्हणालो, “बघ, झालं!” तो काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी फाइल उघडली तर रकाना पुन्हा वाकडा. त्याने माझं सगळं पुसून स्वतःचं पुन्हा केलं होतं. तेव्हापासून शिकवताना मी हात मांडीवर ठेवतो. सोपं नाही. आपल्या हाताला लुडबुडीची सवय असते आणि पालकांना छापील, सुबक काहीतरी हवं असतं.

एकेकाला वेळ द्यायचा तर क्लास चालणार कसा, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडलं की एकट्याला शिकवलेला सरासरी विद्यार्थी वर्गात शिकलेल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. नंतरच्या अभ्यासांत फरक इतका मोठा निघाला नाही. पण ब्लूम यांनीही त्याला ‘समस्या’च म्हटलं होतं, कारण असं शिकवणं समाजाला परवडत नाही. मलाही सगळी बॅच अशी शिकवता येत नाही. आठवड्यातला एक तास मात्र निघतो. त्या तासाला एकच मूल आणि त्याचं एकच काम, जे कोणाला तरी खरोखर हवं आहे: आजीच्या मसाल्याची लेबलं, गल्लीच्या क्रिकेट स्पर्धेचं वेळापत्रक, काहीही. पहिली फाइल पुसू देऊ नका, तारीख घालून ठेवा. सर्टिफिकेटपेक्षा तीच पालकांना जास्त समजते.

तुमच्या क्लासमधला असा एखादा अनुभव, फसलेला असला तरी, आमच्याकडे लिहून पाठवा. फसलेला असेल तर आधी छापू.

जत्रा सप्टेंबरात आहे. फलकावर अजून सात मेणबत्त्यांचे भाव भरायचे राहिलेत, आणि तो रकाना अजून थोडा वाकडाच आहे.