पूल पुरा करणारे घर

वाचकहो, घरातला कर्ता माणूस उद्या अचानक अंथरुणाला खिळला, तर त्याच्या हातातले काम पुढे कोण नेईल? सोसायटीचा हप्ता कधी भरायचा, बियाण्याची उधारी किती, विहिरीच्या कामाचे कोणाला किती द्यायचे राहिले, हे घरात दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे का? पुष्कळ घरांत या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. म्हणून आज अमेरिकेतल्या एका इंजिनिअरची आणि त्याच्या घराची हकिगत सांगतो.

वॉशिंग्टन रोब्लिंग यांचा जन्म 1837 साली पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या सॅक्सनबर्ग या खेड्यात झाला. वडील जॉन हे जर्मनीहून शेती करायला आलेले. शिक्षण इंजिनिअरचे, शेती काही साधली नाही. त्या काळी तिकडे कालव्यातल्या नावा डोंगरापलीकडे नेण्यासाठी रुळांवरून जाड दोरांनी ओढून चढवीत. हे दोर झिजत, तुटत आणि माणसे मरत. जॉन यांनी 1841 च्या सुमारास तारांना पीळ देऊन दोर केला. कारखाना म्हणजे घरामागचे कुरण आणि पीळ द्यायला शेजारचे शेतकरी! पुढे अशाच तारांवर टांगलेले पूल बांधून त्यांनी नाव मिळवले.

न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन ही शहरे जोडणारा मोठा पूल जॉन यांच्याकडे आला. पण 1869 साली जागेची पाहणी करताना धक्क्याला लागणाऱ्या बोटीमुळे त्यांचा पाय चिरडला. डॉक्टरांचे न ऐकता त्यांनी पाण्याचे उपचार चालवले. धनुर्वात झाला आणि महिन्याच्या आत ते गेले. बाप मोठा कडक होता. त्याचा मार आणि जाच मुलाने पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे. तरीही बापाचे अर्धे काम मुलाने टाकले नाही. वॉशिंग्टन तेव्हा 32 वर्षांचे होते.

पुलाच्या बुरुजांचा पाया पाण्याखाली खोल न्यायचा होता. त्यासाठी प्रचंड लाकडी पेट्या उपड्या घालून पाण्यात बुडवल्या. आत पाणी शिरू नये म्हणून दाबाची हवा भरली आणि मजूर आत उतरून तळ खणू लागले. अशा दाबातून माणूस झटकन वर आला, तर रक्तात हवेचे बुडबुडे होतात. सोड्याची बाटली उघडल्यावर होतात तसे. सांधे आखडतात, अंग लुळे पडते, प्रसंगी जीव जातो. तेव्हा हे कारण कोणाला नीट कळलेले नव्हते. वॉशिंग्टन मजुरांबरोबर पुन्हा पुन्हा खाली उतरत. 1872 साली या आजाराने त्यांना कायमचे अधू केले. पुढे ते खोलीतल्या खिडकीतून, दुर्बिणीने काम पाहत.

आता काम चालणार कसे? इथे त्यांच्या पत्नी एमिलीबाई पुढे आल्या. पदरात पाच वर्षांचा मुलगा आणि घरात आजारी नवरा. आधी त्या नवऱ्याची पत्रे लिहून घेत, निरोप पोचवीत. पण निरोप समजल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून त्या गणित शिकल्या, कोणता माल किती भार सोसतो ते शिकल्या, तारांचा हिशेब शिकल्या. कामावर जाऊन इंजिनिअरांच्या आणि कंत्राटदारांच्या शंकांना उत्तरे देऊ लागल्या. हे दहा वर्षांहून अधिक काळ चालले.

मध्येच आणखी एक संकट आले. 1878 साली तारेच्या कंत्राटदाराची लबाडी उघड झाली. तपासणीला चांगली तार दाखवायची आणि वाटेत बदलून नापास तार पाठवायची! बियाण्याचा नमुना एक आणि पोत्यात दुसरेच, हा अनुभव आपल्यालाही आहे. लागलेली वाईट तार काढणे शक्य नव्हते. पण वॉशिंग्टन यांनी मुळातच गरजेच्या सहापट मजबुती धरली होती. वाईट तार धरूनही ती पाचपटीच्या आसपास उरत होती. शिवाय प्रत्येक मोठ्या दोरात सुमारे 150 तारा जादा घालून घेतल्या. हातचे राखून केलेला हिशेब असा कामी आला.

1882 साली आजारी माणसाला मुख्य इंजिनिअर कशाला ठेवायचे, असा वाद निघाला. मतदान झाले आणि ते थोडक्यात टिकले. अखेर 24 मे 1883 रोजी पूल खुला झाला. दोन बुरुजांमधले अंतर 486 मीटर. त्या वेळी जगात एवढा लांब टांगता पूल दुसरा नव्हता. समारंभाच्या आधीच एमिलीबाई गाडीत बसून पुलावरून पार गेल्या. विजयाची खूण म्हणून मांडीवर एक जिवंत कोंबडा होता! वॉशिंग्टन यांना समारंभाला जाता आले नाही, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आर्थर त्यांच्या घरी भेटीला गेले. पूल आजही वापरात आहे आणि पुलावरच्या फलकावर एमिलीबाईंचेही नाव आहे.

एमिलीबाई 1903 साली वारल्या. वॉशिंग्टन पुढे पुष्कळ जगले. 1921 साली घरचा तारेचा कारखाना सांभाळणारा पुतण्या वारला, तेव्हा 84 वर्षांच्या या म्हाताऱ्याने पुन्हा कारभार हाती घेतला आणि 1926 साली मरेपर्यंत सोडला नाही.

घरावर माया असणे म्हणजे सगळे ओझे एकट्याने ओढणे नव्हे. वॉशिंग्टन यांनी आपली विद्या बायकोपासून लपवली नाही आणि तिनेही 'हे बायकांचे काम नव्हे' असे म्हटले नाही. तेव्हा या आठवड्यात एका संध्याकाळी हिशेबाची वही घरात सगळ्यांसमोर उघडा. सातबारा, पासबुक, कर्जाचे कागद कुठे ठेवले आहेत ते घरधनिणीला, मुलीला, सुनेला दाखवा. बँकेत जाताना त्यांतल्या एकीला बरोबर न्या. आणि बायांनो, त्याने आपणहून दाखवले नाही, तर तुम्ही मागा.