भोपळा परका नाही, अंगण परकं झालंय

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवस युद्ध चालू आहे. विषय : हॅलोविन. अडीच-तीन वर्षांच्या पोरांसाठी ‘ओपन एअर भोपळा पेंटिंग’ ठेवलं होतं, त्यावरून संस्कृती बुडाली अशी ओरड.

मी डोंबिवलीत पन्नास वर्षं राहतोय आणि माझी नात त्या कार्यक्रमात होती, म्हणून लिहितो.

आधी संस्कृतीवाल्यांना. भोपळा परका कधीपासून झाला? भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी विसरलात? आयर्लंडमध्ये हॅलोविनला सलगम कोरायचे. भोपळा अमेरिकेत आला. म्हणजे त्यांचाही तो मूळचा नाहीच. आणि २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. सकाळी आपण अंगठ्याखाली कारीट फोडून राक्षस मारला, संध्याकाळी पोरं राक्षसाचे मुखवटे घालून फिरली. आभाळ कोसळलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. संस्कृती वाचवा म्हणून ग्रुपवर ओरडणारे हेच लोक, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच पोरांचा किल्ला पाइप लावून धुऊन टाकायला लावला. का, तर मातीने पेव्हर ब्लॉकला डाग पडतात! जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, तेव्हा स्टेटस ठेवणारेही हेच. आता बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो, तो आणा म्हणतात. अहो, मग पोराने काय करायचं? बघत बसायचं?

आता हॅलोविनवाल्यांना. तुमचा कार्यक्रम मी कोपऱ्यात खुर्ची टाकून पाहिला. पेव्हरवर प्लॅस्टिक अंथरलेलं. भोपळ्यावर डोळे-दात आधीच छापलेले. ताई पोराचा हात धरून रंग भरतायत, आया मोबाइल धरून उभ्या. नातीने ब्रश भोपळ्याऐवजी स्वतःच्या पायाला लावला तर केवढी धावपळ! खरं तर तेवढंच तिचं स्वतःचं चित्र होतं.

आणि रंग कुठला होता? डबीवर ना कंपनी, ना कसली खूण. विचारलं तर ‘काका, नॉन-टॉक्सिक आहे.’ कोणी सांगितलं? घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. अडीच वर्षांचं पोर बोट रंगात घालतं आणि लगेच तोंडात. शिशाचं कुठलंच प्रमाण मुलांना सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्हा डोंबिवलीकरांना तरी हे सांगायला नको. २०१४ चा हिरवा पाऊस आणि २०२० चा एमआयडीसीतला गुलाबी रस्ता आपण पाहिलाय. उघड्यावरचे रंग आपल्याला फुकट मिळतात!

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं. बोर्डी तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला. पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. साहित्य म्हणजे पानं, बिया, खडे, माती. अंगणवाडीची कल्पना इथे रुजली. केंद्राची बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तिला २०२५ मध्ये पन्नास वर्षं झाली. आणि आज घोडबंदर रोडपासून कल्याणपर्यंत टॉवर बघा. स्विमिंग पूल आहे, जिम आहे, तीन मजले पार्किंग आहे. पोराला हात माखायला चार फूट माती नाही.

पाचशे रुपये फी कशाला लागते तेच मला कळत नाही. तांदळाचं पीठ पाण्यात कालवा, पांढरा रंग झाला. घरची हळद, किसलेल्या बिटाचं पाणी, वाटलेला पालक. पाट्यावरचा नसला तरी मिक्सरमधला चालेल. अख्खा लाल भोपळा पोरासमोर ठेवा, छापील डोळे नकोत. भोपळा नसेल तर बादलीभर पाणी आणि जुना ब्रश द्या. उन्हात भिंत रंगवतील, वाळली की पुन्हा रंगवतील. अर्धा तास तुम्हाला हाक मारणार नाहीत. फक्त बादलीजवळून हलू नका. शेवटी भोपळा धुऊन भाजी करा, घारगे करा.

सेक्रेटरी साहेब, जनरेटरमागच्या कोपऱ्यातले आठ-दहा पेव्हर काढायची परवानगी द्या. माती माझ्या खर्चाने आणतो, डाग पडले तर धुवायलाही मीच येतो. आणि दोन्ही बाजूच्या योद्ध्यांनो, रविवारी सकाळी ९ वाजता पोरांना खाली पाठवा. जुने कपडे घालून. भोपळा मी आणतोय.