पेनड्राइव्हवर लिनक्स? थांबा जरा!

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट थांबवला आणि होस्टेलमधले कितीतरी लॅपटॉप एका रात्रीत ‘म्हातारे’ झाले. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. ताईकडून तुमच्याकडे आलेला सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह ठणठणीत असला तरी त्याला अधिकृत एंट्री नाही. सिक्युरिटी अपडेट्ससाठी वाढीव मुदत मिळते, पण ती शेवटी मुदतच.

मग जुगाड सुरू होतो. आतल्या विंडोजला हात न लावता यूएसबीवर उबुंटू किंवा मिंट टाकायचं. आयडिया भारी आहे, फक्त त्यासाठी पेनड्राइव्ह वापरू नका. पेनड्राइव्ह असतो फाइल कॉपी करून खिशात टाकायला. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र दिवसभर बारीकसारीक लिहीत बसते: लॉग, ब्राउझरची कॅश, अपडेट्स. स्वस्त पेनड्राइव्ह त्यात तापतो, रखडतो आणि एक दिवस सबमिशनसकट झोपतो. एसएसडीचा कंट्रोलर हे लिखाण सगळ्या चिपवर वाटून टाकतो, म्हणून तो टिकतो.

किती टिकतो? डब्यावर टीबीडब्ल्यू बघा, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिण्याची हमी आहे ते. सॅमसंग ८७० इव्होच्या ५०० जीबी मॉडेलला ३०० टीबीडब्ल्यू आहे. रोज २० जीबी लिहिलं तरी चाळीस वर्षं! तोवर आपण रिटायरमेंटला टेकलेले असू. थोडक्यात, लिहून लिहून एसएसडी झिजेल ही भीती सोडा. खरा त्रास देतात उष्णता, ढिली केबल आणि लॅपटॉप चालू असताना बसलेला हिसका.

नुसत्या ब्रँडच्या नावावरही जाऊ नका. २०२३मध्ये सॅनडिस्क एक्स्ट्रीम प्रोच्या काही पोर्टेबल एसएसडींमधला डेटा गायब झाल्याच्या तक्रारी आल्या, कंपनीला फर्मवेअर अपडेट काढावं लागलं आणि अमेरिकेत खटलेही झाले. म्हणून बॅकअप हवाच, एसएसडी कुठलाही असो.

माझं मत विचाराल तर तयार पोर्टेबलपेक्षा आतला साटा एसएसडी आणि वेगळं यूएसबी ३ एन्क्लोजर घ्या. केबल किंवा डबा गेला तर तेवढाच बदलता येतो. एन्क्लोजर यूएएसपी सपोर्ट करणारं हवं, मेमरी शक्यतो टीएलसी, क्यूएलसी नको. इन्स्टॉल करताना बूटलोडर बाहेरच्याच डिस्कवर जातोय ना, हे दोनदा बघा. नाहीतर डिस्क काढली की घरचं विंडोज सुरू होताना रुसतं.

आता भावाचं. एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी चिप्सची मागणी वाढवलीय आणि २०२५च्या अखेरीस मायक्रॉनने आपला ‘क्रूशिअल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. स्वस्ताईची वाट बघत बसण्यात फारसा अर्थ नाही. लिनक्सला २५६ जीबीसुद्धा पुरतं. आणि लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन कुणी हजार-दीड हजारात ‘१६ टीबी एसएसडी’ देत असेल तर पुढे चला. असले डबे फोडले की बऱ्याचदा आत एक मेमरी कार्ड चिकटवलेलं निघतं.