वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर बोलका

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा स्थूल आढळले. आकडे सारखे दिसले तरी धोका सारखा नसतो. चरबीच्या पेशींतून रक्तात येणारे ॲडिपोनेक्टिन हे प्रथिन इन्सुलिनला साथ देते. स्त्रियांत ते जास्त असते. पण पोटावर चरबी साठली की दोघांतही घटते आणि इन्सुलिनचा प्रभाव ओसरू लागतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचीही चरबी पोटाकडे सरकते. या प्रथिनाची चाचणी नेहमीच्या तपासणीत नसते. मोजपट्टी मात्र घरात असते. पुरुषांची कंबर ९०, स्त्रियांची ८० सेंटिमीटरपुढे गेली, तर वजन बेताचे असले तरी रक्तातील साखर तपासून घ्यावी.